सिस्टिक फायब्रोसिस: फुफ्फुसात आधी जंतू येतात की दाह?

सिस्टिक फायब्रोसिसची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने सांगितली जाते. जनुकात दोष असतो, त्यामुळे कफ घट्ट होतो, घट्ट कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे दाह होतो (म्हणजे शरीर लढायला उठतं, तिथे सूज येते) आणि दाहामुळे फुफ्फुसं खराब होतात. क्रम सरळ आहे, परीक्षेत लिहायलाही सोपा. पण १९९५ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी हा आजार असलेल्या तान्ह्या बाळांची फुफ्फुसं आतून तपासली, त्यातलं सगळ्यात लहान बाळ जेमतेम चार आठवड्यांचं होतं. काही बाळांच्या फुफ्फुसात रोगजंतू सापडलेच नाहीत, दाह मात्र होता. जंतू नसतील तर दाह कशाचा? यावर पुढची पंचवीस वर्षं वाद चालला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

ही तपासणी कशी करतात ते आधी पाहू, कारण पुढचं बरंचसं ज्ञान तिच्यातूनच आलं आहे. बाळाला भूल देऊन एक बारीक लवचीक दुर्बीण श्वासनळीत उतरवतात. तिच्यातून थोडं सलाइन फुफ्फुसाच्या एका भागात सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. परत आलेल्या त्या पाण्यात तिथल्या पेशी, जंतू, रसायनं असं सगळं येतं. निरोगी माणसाच्या पाण्यात मुख्यतः मॅक्रोफेज दिसतात, म्हणजे धूळ-कचरा गिळून साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी. न्यूट्रोफिल शंभरात दोन-तीन. सिस्टिक फायब्रोसिसच्या मोठ्या रुग्णांत, वरवर तब्येत ठीक असली तरी, न्यूट्रोफिल निम्म्याहून जास्त निघतात.

न्यूट्रोफिल हे नाव आपण सगळ्यांनी सीबीसीच्या रिपोर्टवर पाहिलेलं असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा हा सगळ्यात मोठा गट. कुठे इजा झाली, जंतू शिरले, की पहिल्यांदा तिथे पोचतात त्या याच पेशी. गळवातला पू म्हणजे प्रामुख्याने मेलेले न्यूट्रोफिल. त्यांचं आयुष्य छोटं, काम झटपट. एरवी ते येतात, जंतू मारतात, मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळून जागा साफ करतात आणि दोन-चार दिवसांत प्रकरण मिटतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते मिटत नाही. येणारे येतच राहतात आणि मेलेले तिथेच पडून राहतात. या आजाराचं सगळं दुखणं इथे आहे, असं माझं मत.

आता मुळाकडे जाऊ. १९३८ मध्ये डॉरथी अँडरसन या न्यूयॉर्कच्या डॉक्टर बाईंनी मृत बालकांच्या स्वादुपिंडाचा अभ्यास करून या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. तेव्हा तो पोटाचा आजार वाटत होता. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि उन्हाचा त्रास होऊन दवाखान्यात आलेल्या मुलांत ही मुलं जास्त निघाली. पुढे १९५३ मध्ये पॉल दि सांत'आन्येसे यांनी दाखवलं की त्यांच्या घामात मीठ फार असतं. युरोपात तर फार जुनी समजूत होती की ज्या मुलाचा मुका घेतल्यावर खारट लागतं ते मूल फार दिवस जगत नाही. शेवटी १९८९ साली शास्त्रज्ञ सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर या जनुकापर्यंत पोचले. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे 'आमच्या घरात कुणालाच नाही' या वाक्याला इथे अर्थ नाही.

या जनुकावरून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार. त्यातून मिठातलं क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर पडतात. हे प्रथिन १४८० अमिनो आम्लांची माळ आहे. युरोपीय वंशाच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात त्या माळेतला ५०८ वा एकच मणी गळालेला असतो. तेवढ्याने प्रथिनाची घडी चुकते आणि पेशीतली तपासणी यंत्रणा त्याला भिंतीपर्यंत जाऊच देत नाही, आतच मोडीत काढते.

दार बंद पडल्याने कफ घट्ट का होतो, हे स्वयंपाकघरात समजतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की तिला पाणी सुटतं, कारण मीठ जिकडे पाणी तिकडे. श्वासनळीच्या आतल्या पेशी याच न्यायाने चालतात. त्या बाहेर मीठ सोडतात, त्यामागून पाणी येतं आणि नळीच्या अस्तरावर साधारण सात मायक्रॉन जाडीचा पातळ थर टिकतो. आपला केस याच्या दहापट जाड असतो. या थरात पेशींचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वर तरंगणारा चिकट कफ, त्यात अडकलेली धूळ आणि जंतूंसकट, घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. मीठ बाहेर आलं नाही तर पाणीही येत नाही, थर आटतो आणि कफ केसांवर बसतो. सरकणं थांबतं.

बायकार्बोनेटकडे मात्र बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. कफातली म्युसिन नावाची प्रथिनं ग्रंथीत असताना घट्ट गुंडाळलेली असतात. बाहेर पडताना ती उलगडायला बायकार्बोनेट लागतं. ते नसेल तर कफ आधीच गुंता होऊन बाहेर पडतो. शिवाय श्वासनळीतला द्रव किंचित आम्ल होतो आणि त्या आम्लात आपली जंतुनाशक प्रथिनं नेहमीच्या जोमाने काम करत नाहीत.

मग आधी जंतू की दाह? याचं उत्तर शोधायला डुक्कर आणि उंदीर कामाला आले, आणि गंमत म्हणजे दोघांनी वेगवेगळी साक्ष दिली. माणसासारखाच सीएफटीआर दोष असलेली डुकराची पिल्लं २००८ मध्ये अमेरिकेत जन्माला घातली गेली. आयोवा विद्यापीठातल्या गटाने पाहिलं तर जन्मतः त्यांच्या फुफ्फुसात दाह नव्हता. पण मुद्दाम जंतू सोडल्यावर निरोगी पिल्लांनी ते संपवले, या पिल्लांना ते संपवता येईनात. काही महिन्यांत त्यांना माणसासारखाच फुफ्फुसाचा आजार झाला. म्हणजे डुकराचं म्हणणं: आधी जंतू.

उंदराची साक्ष उलटी. नुसतं सीएफटीआर बिघडवून उंदराला हा फुफ्फुसाचा आजार होत नाही. मग नॉर्थ कॅरोलिनातल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या श्वासनळीतून मीठ जास्त शोषलं जाईल अशी सोय केली. थर आटला, कफ साचला आणि जंतूंचा फारसा हात नसताना न्यूट्रोफिलांची गर्दी झाली. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे त्यामागची यंत्रणाही सापडली. कफाच्या गुठळीखाली दबलेल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्या गुदमरून मरतात, आणि मरताना इंटरल्युकिन-१ नावाचं रसायन सांडतात. शरीराच्या भाषेत ही धोक्याची घंटा. ती ऐकून शेजारच्या पेशी आणखी संदेश पाठवतात, त्यातला मुख्य इंटरल्युकिन-८, आणि न्यूट्रोफिल धावत येतात. जंतूचा पत्ता नसतानाही दाह होतो तो असा.

मुलांचं काय? २०१९ मध्ये लहान मुलांच्या फुफ्फुसातून घेतलेल्या पाण्याची नव्याने तपासणी झाली. त्यात कफाचे न विरघळणारे तुकडे आणि दाहाची रसायनं अशाही मुलांत सापडली ज्यांच्या फुफ्फुसात रोगजंतू नव्हते. सीटी स्कॅनवर फुफ्फुसाची रचना ठीक दिसत होती अशा मुलांतही ते होते. माझ्या मते यावरून निकाल बराचसा कफाच्या बाजूने झुकतो: साचलेला कफ एकटासुद्धा दाह पेटवू शकतो, आणि जंतू आले की त्यात तेल पडतं. दोषी सीएफटीआरमुळे रोगप्रतिकारक पेशी मुळातच जरा जास्त भडकतात का, यावर मात्र अजून दोन तट आहेत.

पुढचा टप्पा नुकसानीचा, आणि तिथला मुख्य आरोपी जंतू नाही. न्यूट्रोफिलच्या पोटात छोट्या पुरचुंड्या असतात आणि त्यांत जंतू मारायची हत्यारं. त्यातलं एक म्हणजे इलॅस्टेज, प्रथिनं कापणारी कात्री. पेशीच्या आत गिळलेल्या जंतूवर ती चालली तर उत्तम. पण न्यूट्रोफिल फुटला तर ती बाहेर सांडते आणि मग समोर येईल ते कापते. रक्तात आणि फुफ्फुसात तिला आवरणारी प्रथिनं असतात, उदाहरणार्थ अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. लाखो न्यूट्रोफिल एकदम फुटतात तेव्हा ही आवरणारी प्रथिनं पुरी पडत नाहीत.

मोकळी सुटलेली ही कात्री काय काय करते ते नीट पाहण्यासारखं आहे. श्वासनळीच्या भिंतीला ताण सहन करून पुन्हा आकसायला मदत करणारं इलॅस्टिन ती कापते, भिंत सैल पडते आणि नळी कायमची फुगलेली राहते. यालाच ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. कफाच्या ग्रंथींना ती चेतवते, म्हणून आणखी कफ येतो. अस्तराच्या पेशींना ती इंटरल्युकिन-८ सोडायला लावते, म्हणून आणखी न्यूट्रोफिल येतात. जंतू ओळखायला मदत करणारे प्रतिपिंड आणि न्यूट्रोफिलच्या अंगावरचे संवेदक तुकडे होऊन पडतात, त्यामुळे इतकी गर्दी असूनही जंतू मात्र मरत नाहीत. आणि मेलेला न्यूट्रोफिल मॅक्रोफेजला ज्या खुणेने ओळखू येतो, ती यंत्रणाही ही कात्री बिघडवते. न उचललेले न्यूट्रोफिल तिथेच कुजतात, फुटतात, आणखी इलॅस्टेज सांडतं. एकदा हे चक्र फिरायला लागलं की ते सुरू कशाने झालं होतं, हा प्रश्न रुग्णापुरता गौण होतो.

फुटलेल्या न्यूट्रोफिलमधून आणखी एक गोष्ट बाहेर पडते: त्यांचं डीएनए. हे लांबच लांब धागे कफात मिसळतात आणि आधीच घट्ट असलेला बेडका ओढला की तार धरेल इतका चिवट होतो. त्याचा हिरवा रंगही बहुतांशी जंतूंचा नसतो, न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरवट प्रथिनाचा असतो. डीएनएचे धागे तोडणारं डॉर्नेज अल्फा हे वाफेतून घ्यायचं औषध १९९३ साली अमेरिकेत मंजूर झालं, ते नेमकं याच कारणासाठी. एरवी कफ पातळ करायला आपण काय काय करतो, पण इथे कफातला बराचसा चिकटपणा आपल्याच पेशींच्या अवशेषांचा असतो.

हे सगळं किती लवकर घडतं याची कल्पना ऑस्ट्रेलियातून आली. पर्थ आणि मेलबर्नमध्ये नवजात तपासणीतच आजार कळलेल्या बाळांना वर्षानुवर्षं ठरलेल्या अंतराने तपासलं गेलं, दुर्बिणीने आणि सीटी स्कॅननेही. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांच्या बाळांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात आणि तीन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे साठ टक्क्यांत ब्रॉन्किएक्टेसिसच्या खुणा दिसल्या. कोणाला होईल याचा सगळ्यात चांगला अंदाज तिसऱ्या महिन्यात फुफ्फुसाच्या पाण्यात मोकळं इलॅस्टेज सापडलं की नाही यावरून बांधता आला. ही मुलं वरून खेळत-बागडत होती.

जंतूंना मात्र निर्दोष सोडू नये. लहानपणी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, पुढे स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा स्यूडोमोनास ओल्या जागी कुठेही राहतो, निरोगी माणसाच्या फुफ्फुसाला तो सहसा काही करत नाही. इथे तो कफाच्या आत, ऑक्सिजन नसलेल्या जागी बस्तान बसवतो आणि स्वतःभोवती अल्जिनेटचं बुळबुळीत आवरण तयार करतो. न्यूट्रोफिलला ते गिळता येत नाही, प्रतिजैविकं आत पोचत नाहीत. म्हणूनच तो पहिल्यांदा सापडला की लगेच जोरदार उपचार करून हुसकावतात. आवरण चढल्यावर तो जन्माचा पाहुणा होतो. मधूनमधून आजार उचल खातो, खोकला वाढतो, ताप, दम, वजन घटतं. शिरेतून औषधं देऊनही साधारण चौघांतल्या एकाची फुफ्फुसांची क्षमता आधीच्या पातळीवर परत येत नाही.

मग दाहच दाबून टाकला तर? हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, डॉक्टरांच्याही आला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत एक दिवसाआड प्रेडनिसोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं. फुफ्फुसांना थोडा फायदा दिसला, पण मुलांची उंची खुंटली, मोतीबिंदू आणि साखरेचे त्रास उभे राहिले. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी ८५ रुग्णांवरचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भरपूर मात्रेत आयबुप्रोफेन दिल्यावर फुफ्फुसांची घसरण मंदावली, विशेषतः लहान मुलांत. यात एक मेख आहे. मात्रा कमी पडली तर उलटा परिणाम होण्याची शक्यता असते, म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं. शिवाय जठर आणि मूत्रपिंडाला धोका आहेच. तापासाठी घरात असतं तेच हे औषध, पण म्हणून घरच्या घरी करण्याचा हा प्रयोग नव्हे.

सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग फसलेला होता. न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या एका रसायनाचा रस्ता अडवणारं, बीआयआयएल-२८४ या सांकेतिक नावाचं औषध रुग्णांना दिलं गेलं. कागदावर कल्पना अचूक होती. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्यांत आजार उचल खाण्याचं प्रमाण वाढलं आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. जंतू आत बसलेले असताना पहारेकरीच कमी केले तर आगीतून फुफाट्यात, हे त्यातून सगळ्यांना कळलं. न्यूट्रोफिल नुकसान करतात हे खरं, पण ते नसतील तर त्याहून वाईट.

उलट अझिथ्रोमायसिनने अनपेक्षित चांगलं काम केलं. जपानमध्ये श्वासनळ्यांच्या दुसऱ्या एका जुनाट आजारावर याच कुळातल्या एरिथ्रोमायसिनने चमत्कार व्हावा तसा गुण येत होता. म्हणून स्यूडोमोनास असलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर अझिथ्रोमायसिन वापरून पाहिलं. एरवीच्या मोजमापाने हे औषध स्यूडोमोनासला मारत नाही. तरीही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुफ्फुसांची क्षमता वाढली. दाह थोडा शांत करायचा, पण पहारा उठू द्यायचा नाही, हा तोल त्याला साधतो असं दिसतं. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, ब्रेन्सोकॅटिब नावाची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. ती अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल घडत असतानाच इलॅस्टेजची धार बोथट करते. न्यूट्रोफिल येतो, पण हत्यार कमी घेऊन. मंजुरी मात्र सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्रॉन्किएक्टेसिससाठी आहे.

खरा पालट झाला तो दाराचीच दुरुस्ती करणाऱ्या औषधांनी. २०१२ मध्ये मोजक्या रुग्णांसाठी इव्हाकॅफ्टर आलं आणि २०१९ मध्ये एलेक्झाकॅफ्टर, टेझाकॅफ्टर, इव्हाकॅफ्टर असं तिहेरी औषध. प्रथिनाची घडी सुधारली, मीठपाणी वाहू लागलं, कफ सुटला. बेडक्यातलं इलॅस्टेज आणि इंटरल्युकिन-८ उतरलं. पण निरोगी पातळीपर्यंत नाही. ज्यांच्या नळ्या आधीच फुगल्या आहेत त्यांच्यात जंतू आणि दाह धुगधुगत राहतात, कारण मीठपाण्याचं दार दुरुस्त झालं तरी तुटलेलं इलॅस्टिन पुन्हा जुळत नाही. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत या औषधाची वर्षाची किंमत तीन लाख अकरा हजार डॉलर होती. भारतातल्या बहुतेक घरांच्या ते आवाक्याबाहेर आहे. शिवाय ५०८ व्या मण्याचा तो दोष भारतीय रुग्णांत युरोपच्या मानाने बराच कमी आढळतो, त्यामुळे औषध लागू पडेल की नाही हे जनुक तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्याकडे त्यामुळे भर कफ हलवण्यावरच राहतो: छातीची फिजिओथेरपी, तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ, पोटासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल, भरपूर खाणं. मिठाच्या वाफेची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सर्फिंग करणाऱ्या रुग्णांवरून पुढे आली. समुद्रावर वेळ घालवणाऱ्यांची छाती बरी असते असं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. २००६ मध्ये सात टक्के मिठाच्या पाण्याचा फायदा चाचणीत सिद्ध झाला. नेब्युलायझरमधून ते घ्यायचं, आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध घेऊन, नाहीतर खोकल्याची ढास लागते.

अमेरिकेत २०१० पासून सर्व राज्यांत बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन या आजाराची तपासणी होते. भारतात सरसकट तशी सोय नाही. 'गोऱ्यांचा आजार' हा समज वैद्यकीय वर्तुळातही दीर्घकाळ टिकला, आणि दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं असे भारतीय रुग्ण तपासले गेले तेव्हा कुठे तो सैल झाला. आपल्याकडे हे मूल आधी बालदम्याचं म्हणून पंप घेतं, मग टीबीचं म्हणून सहा महिने गोळ्या खातं, आणि निदान होईपर्यंत स्कॅनवर फुगलेल्या नळ्या दिसत असतात.

म्हणून वारंवार न्यूमोनिया होणारं, सतत ओला खोकला असणारं, भूक असून वजन न धरणारं, तेलकट दुर्गंधी शी करणारं किंवा उन्हाळ्यात एकदम मलूल होणारं मूल असेल, घाम वाळून कपाळावर मिठाचे कण दिसत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना घामाच्या तपासणीबद्दल विचारावं. हातावर पिलोकार्पिनचं औषध लावून अगदी सौम्य वीजप्रवाहाने घाम आणतात, अर्धा तास गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. सुई टोचावी लागत नाही. आकडा लिटरला ६० मिलीमोल किंवा त्याहून जास्त आला तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता दाट असते. ३० ते ६० च्या मध्ये आला तर तपासणी पुन्हा करून जनुकीय चाचणीकडे जातात. मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांवरच घामाची तपासणी नीट होते, तेव्हा जिथे नियमित करतात तिथेच करून घ्यावी. घाम कमी जमला तर आकडा फसवा येतो.